मधुमेहींच्या पायांची एमआर अँजिओग्राफी: चिठ्ठी लिहिण्यापासून अहवाल वाचण्यापर्यंत

पायाच्या करंगळीला चप्पल चावते, फोड येतो, फुटतो, आणि महिना उलटला तरी जखम भरून येण्याचे नाव घेत नाही. अशा मधुमेही रुग्णाच्या पिशवीत साखरेच्या अहवालांची जाडजूड चळत असते. पण पावलापर्यंत रक्त किती पोहोचते हे सांगणारा एकही कागद बहुधा नसतो. मग बोट काळे पडते आणि एके दिवशी 'कापावे लागेल' हे शब्द थेट कानावर येतात. चावलेली चप्पल आणि कापायचे बोट यांच्या मधल्या काळात ज्या तपासण्या व्हायला हव्यात, त्यांपैकी एकीविषयी, म्हणजे पायांच्या रक्तवाहिन्यांच्या एमआर अँजिओग्राफीविषयी (एमआरआय यंत्रावर काढलेल्या रक्तवाहिन्यांच्या नकाशाविषयी), हा लेख आहे. मी या प्रतिमा वाचण्याचे काम करतो, त्यामुळे यंत्राच्या दोन्ही बाजूंना काय चुकते हे रोज दिसते. रुग्ण, त्याला घेऊन येणारे नातेवाईक आणि तपासणीची चिठ्ठी लिहिणारे फॅमिली डॉक्टर अशा तिघांनाही उपयोगी पडेल असे लिहिण्याचा प्रयत्न केला आहे.

मधुमेहात रक्ताचा रस्ता मुख्यतः गुडघ्याच्या खाली अडतो, म्हणून ज्या तपासणीत पाऊल स्पष्ट दिसत नाही ती तपासणी फिल्म कितीही चकचकीत असली तरी अर्धीच झालेली असते. पुढच्या जवळजवळ प्रत्येक सूचनेमागे हेच कारण आहे.

अडते कुठे

बेंबीच्या पातळीला महारोहिणी, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य रोहिणी (शुद्ध रक्त नेणारी वाहिनी), दुभंगते आणि तिची एकेक शाखा जांघेतून मांडीत उतरते. गुडघ्यामागून खाली आल्यावर तिचे तीन फाटे होतात. नडगीच्या पुढच्या अंगाने उतरते ती अँटेरियर टिबियल, घोट्याच्या आतल्या बाजूने तळव्याकडे वळते ती पोस्टेरियर टिबियल, आणि पोटरीच्या बाहेरच्या बारीक हाडालगत चालते ती पेरोनियल. पुढची शाखा घोटा ओलांडून पावलाच्या पाठीवर आली की तिला डॉर्सालिस पेडिस म्हणतात. मागची तळव्यात शिरते, आणि या दोघी तळव्याच्या आत एकमेकींना मिळून एक कमान तयार करतात. बोटांना रक्त मिळते ते या कमानीतून.

नुसत्या धूम्रपानाने पाय बिघडलेल्या माणसात अडथळे बहुधा ओटीपोटात आणि मांडीत असतात. मधुमेहात मांडीची रोहिणी पुष्कळदा बऱ्यापैकी चालू असते आणि पोटरीतल्या तिन्ही शाखा लांबच लांब बंद झालेल्या दिसतात. त्यांतली पेरोनियल बऱ्याच वेळा शेवटपर्यंत तग धरते. यात दिलासा देणारी गोष्ट अशी की पोटरीत एवढी पडझड झालेली असतानाही पावलातील रोहिणी अनेकदा उघडी राहिलेली असते. तिथपर्यंत वाहिनीत बारीक फुगा फुगवून वाट मोकळी करता येते किंवा बायपास नेऊन जोडता येतो. 'मधुमेहात बारीक केशवाहिन्याच बंद होतात, त्यामुळे काही करून उपयोग नाही' असे अजूनही ऐकू येते. अमेरिकेतील लोगर्फो आणि कॉफमन यांनी १९८४ मध्येच हा समज खोडून काढला होता. पावलातली ती उघडी रोहिणी शोधणे हे या तपासणीचे खरे काम आहे.

एमआरआयच्या आधी काय झालेले असावे

बोटांनी नाडी तपासण्यावाचून सुरुवात होऊ शकत नाही. पावलाच्या पाठीवर आणि आतल्या घोट्यामागे नाडी लागते का, हे पाहायला अर्धे मिनिट पुरते, आणि मधुमेहाच्या रुग्णाचा मोजा वर्षातून एकदा तरी डॉक्टरांसमोर उतरला पाहिजे, ही अपेक्षा काही फार नाही. पाय दुखत नाही म्हणून रक्तपुरवठा ठीक आहे असे मात्र समजू नये. चालताना पोटरीत येणारे गोळे ही या आजाराची नेहमीची खूण आहे; पण मज्जातंतू बधिर झाले असतील तर ती खूणच हरवते.

त्यानंतर घोट्याचा रक्तदाब मोजतात. दंडाचा वरचा दाब १४० आणि घोट्याचा ९८ असेल तर ९८ भागिले १४० म्हणजे ०.७ हा निर्देशांक येतो. ०.९ किंवा त्याहून कमी आकडा आजार दाखवतो. मधुमेहात मात्र एक फसवी गोष्ट घडते. रोहिणीच्या मधल्या थरात कॅल्शियम साचून ती पाइपसारखी कडक होते, पट्ट्याने दबतच नाही, आणि निर्देशांक १.४ च्या वर किंवा वरवर पाहता अगदी निर्दोष येतो. असा आकडा पाहून 'उत्तम' असा शेरा मारलेले कागद मी पाहिले आहेत, आणि त्याच पायाचा अंगठा काळा पडत चाललेला होता. अंगठ्याच्या बारीक रोहिणीत कॅल्शियम कमी साचते, म्हणून अंगठ्याचा दाब मोजणे अधिक भरवशाचे ठरते. अंगठा आणि दंड यांच्या दाबांचे गुणोत्तर ०.७ पेक्षा कमी असेल तर ते सदोष मानतात. अंगठ्याचा दाब ३० मिलिमीटरच्या खाली किंवा घोट्याचा ५० च्या खाली असेल तर तातडीने रक्तवाहिन्यांची प्रतिमा काढून रक्तपुरवठा सुधारण्याचा विचार करावा, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. आकडे इतके वाईट नसले, तरी नीट ड्रेसिंग, जंतुसंसर्गावर उपचार आणि पायावरचा भार काढणे हे सगळे करूनही चार ते सहा आठवड्यांत जखम भरण्याच्या मार्गाला लागत नसेल, तर प्रतिमा काढायला हवी.

दोन प्रसंगी मात्र एमआरआयच्या वेळेची वाट पाहत बसू नये. पाय अचानक थंडगार, पांढराफटक आणि असह्य दुखरा झाला असेल तर तो काही तासांचा खेळ असतो. तसेच पू, ताप, दुर्गंधी आणि वर चढत जाणारी लाली असेल तर आधी त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन पू काढून घ्यावा लागतो. नकाशा नंतर काढता येतो.

एमआर अँजिओग्राफीच का

पहिली प्रतिमा डॉप्लर सोनोग्राफीचीच असावी. ती स्वस्त आहे, तिला इंजेक्शन लागत नाही आणि मांडीपर्यंतचे चित्र ती छान दाखवते. पोटरीत कॅल्शियमची सावली पडू लागली आणि सूज असली की मात्र तपासणाऱ्याच्या कौशल्यावर फार भार येतो, आणि शल्यचिकित्सकाला हवा असतो तसा सलग नकाशा तिच्यातून मिळत नाही.

सीटी अँजिओग्राफी काही सेकंदांत होते आणि तिची यंत्रे जास्त ठिकाणी उपलब्ध आहेत. तिची अडचण पुन्हा कॅल्शियमचीच. सीटीमध्ये कॅल्शियम पांढरे दिसते, कॉन्ट्रास्ट (रक्त उठून दिसावे म्हणून शिरेतून दिलेले औषध) भरलेले रक्तही पांढरेच दिसते, आणि कॅल्शियमची झळाळी प्रत्यक्षापेक्षा मोठी उमटते. मांडीच्या रुंद नळीत हे चालून जाते. पोटरीतल्या दोन-अडीच मिलिमीटरच्या नळीत भिंत कोणती आणि वाट कोणती हेच कळेनासे होते. एमआरआयमध्ये कॅल्शियमचा संकेत जवळजवळ येतच नाही, त्यामुळे भिंत कितीही चुनखडीसारखी झाली तरी आतून वाहणारे रक्त दिसते. मधुमेही पायासाठी या तपासणीचा सर्वांत मोठा गुण हाच आहे. शिवाय तिच्यात क्ष-किरण नसतात आणि आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्टही नसतो.

कॅथेटर घालून केली जाणारी अँजिओग्राफी, म्हणजे डीएसए, आजही मापदंड मानली जाते आणि त्याच बैठकीत फुगा फिरवता येतो हा तिचा फायदा आहे. तरीही १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात असे दिसले होते की, त्या काळच्या नेहमीच्या अँजिओग्राफीत न दिसलेल्या पोटरीतल्या आणि पावलातल्या काही उघड्या वाहिन्या एमआरने दाखवल्या. लांब अडथळ्यापलीकडे कॉन्ट्रास्ट इतका पातळ होऊन पोहोचतो की वाहिनी असूनही दिसत नाही, हे त्यामागचे कारण आहे.

माझे मत विचाराल तर मूत्रपिंडे चांगली असतील आणि आजार मांडीत असावा असे डॉप्लर सांगत असेल, तर सीटी पुरेशी आहे. उगाच एमआरआयचा आग्रह धरू नये. उपचार करायचेच हे पक्के असेल आणि रुग्णालयात सोय असेल, तर थेट डीएसए करणारे डॉक्टरही चुकत नाहीत. पण कॅल्शियम भरपूर आहे, जखम पावलावर आहे आणि 'कापायचे का, कुठे कापायचे' हा प्रश्न समोर आहे, तेव्हा एमआर अँजिओग्राफी मागावी.

मूत्रपिंड आणि कॉन्ट्रास्ट

पायांच्या एमआर अँजिओग्राफीत बहुधा गॅडोलिनियम या धातूचे संयुग शिरेतून देतात. त्याआधी क्रिएटिनिनची ताजी तपासणी हवी, आणि नुसते क्रिएटिनिन न पाहता त्यावरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडे रक्त किती गाळतात याचा अंदाज, पाहायला हवा. क्रिएटिनिन १.४ असलेल्या पस्तीस वर्षांच्या पुरुषाचा ईजीएफआर साधारण ६७ येतो, तेच १.४ अडुसष्ट वर्षांच्या आजीबाईंचे असेल तर तो ४१ च्या आसपास येतो. कागदावर आकडा एकच असतो, मूत्रपिंडे मात्र सारखी नसतात.

ईजीएफआर ३० च्या खाली असणाऱ्यांत आणि डायलिसिसवर असणाऱ्यांत पूर्वी गॅडोलिनियमनंतर त्वचा लाकडासारखी कडक होऊन सांधे आखडण्याचा एक गंभीर आजार दिसला होता. २००६ मध्ये त्याचा गॅडोलिनियमशी संबंध लक्षात आला, आणि पुढे असेही कळले की धोका सर्व संयुगांना सारखा नाही. गॅडोडायमाइड आणि गॅडोपेंटेटेट ही रेषीय रचनेची जुनी औषधे अशा रुग्णांत टाळायची असतात. युरोपीय नियामकांनी २०१७ मध्ये त्यांचा शिरेतून होणारा वापरच थांबवला. गॅडोब्युट्रॉल, गॅडोटेरेट, गॅडोटेरिडॉल यांसारख्या वलयाकार रचनेच्या औषधांत, नेहमीच्या मात्रेत, हा धोका अत्यल्प आहे. म्हणून मूत्रपिंडे अशक्त असलेल्या रुग्णाच्या नातेवाइकांनी 'कोणते औषध देणार आहात' हा प्रश्न संकोच न करता विचारावा. बाटलीवर नाव छापलेले असते. रुग्ण डायलिसिसवर असेल तर त्याच्या ठरलेल्या डायलिसिसच्या थोडे आधी ही तपासणी बसवावी.

कॉन्ट्रास्टशिवायही काम होऊ शकते. वाहत्या रक्ताचाच संकेत टिपणाऱ्या पद्धती पूर्वीपासून आहेत, आणि क्यूआयएसएस नावाची नवी पद्धत हृदयाच्या प्रत्येक ठोक्याशी जुळवून एकेक छेद घेत पोटापासून पावलापर्यंत येते. यंत्रावर ही सोय आहे का, हे वेळ घेतानाच विचारावे. हृदयाचे ठोके फार अनियमित असतील तर तिची प्रतिमा बिघडते, हेही आधी सांगून ठेवावे.

मेटफॉर्मिनबद्दल फार गोंधळ असतो. नेहमीच्या मात्रेतल्या गॅडोलिनियमसाठी मेटफॉर्मिन बंद करण्याची गरज नसते. ते थांबवण्याची सूचना आयोडीनच्या कॉन्ट्रास्टची, म्हणजे सीटी आणि डीएसएची आहे, आणि तीही मूत्रपिंडे फार अशक्त असतील तेव्हाची. दोन्ही गोष्टी एकत्र करून विनाकारण साखर चढवून घेऊ नये.

चिठ्ठी कशी लिहावी

सर्वांत जास्त चुका यंत्रात होत नाहीत, चिठ्ठीवर होतात. काही वर्षांपूर्वी एका गृहस्थांची फिल्म माझ्यापुढे दुसऱ्या मतासाठी आली. उजव्या पायाची दोन बोटे काळी पडलेली होती, पोटरीतल्या तिन्ही शाखा बंद दिसत होत्या, आणि चित्र बरोबर घोट्यावर संपले होते. ज्याने तपासणी केली त्याने चिठ्ठीवर लिहिलेले सगळे केले होते. चिठ्ठीवर 'दोन्ही पायांची एमआर अँजिओ' एवढेच होते, जखमेचा उल्लेखही नव्हता. पुन्हा नव्याने फक्त पावलाची तपासणी केली तेव्हा पेरोनियलच्या एका बारीक फाट्यातून भरणारी डॉर्सालिस पेडिस अंगठ्याच्या मुळापर्यंत स्वच्छ दिसली. तो एक आठवडा आणि दुसऱ्या तपासणीचा खर्च दोन ओळींनी वाचला असता.

त्या दोन ओळींत पुढील गोष्टी याव्यात. जखम कोणत्या पायावर आणि पावलाच्या नेमक्या कोणत्या भागावर आहे, किती दिवसांची आहे. घोट्याचा आणि अंगठ्याचा दाब, ईजीएफआर, आधी बसवलेले स्टेंट, बायपास, बोटांचे विच्छेदन, गुडघ्याचा कृत्रिम सांधा. महारोहिणीपासून बोटांपर्यंतचे चित्र हवे आहे आणि जखमेच्या बाजूचे पाऊल स्वतंत्रपणे, वेळेनुसार टिपलेल्या प्रतिमांसह हवे आहे, हे स्पष्ट शब्दांत. जखमेतून सळईने हाड लागत असेल किंवा हाडात जंतुसंसर्गाची शंका असेल तर पावलाच्या हाडांचा एमआरआयही त्याच बैठकीत मागावा, म्हणजे रुग्णाला दोनदा यंत्रात जावे लागत नाही.

आदल्या दिवशी आणि निघताना

अनेक केंद्रे कॉन्ट्रास्टसाठी तीन-चार तास उपाशी यायला सांगतात. मधुमेह्याने अशा वेळी सकाळची पहिली वेळ मागून घ्यावी. खाणे पुढे ढकलले असेल तर जेवणाआधीचे इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी सवयीने घेऊन येऊ नये. दीर्घकाळ चालणाऱ्या इन्सुलिनचा डोस किती घ्यायचा हे आपल्या डॉक्टरांना आदल्या दिवशीच विचारावे. यंत्रात शिरण्याआधी ग्लुकोमीटरवर साखर पाहून घ्यावी. पाऊण तास हलता येणार नाही आणि आवाजात कोणाला हाक ऐकू जाणार नाही, अशा जागी घाम फुटून साखर खाली जाणे हे फार वाईट. नातेवाइकाने खिशात साखर किंवा ग्लुकोजची पुडी ठेवावी, म्हणजे रुग्ण बाहेर येताच ती देता येते.

इन्सुलिन पंप त्या खोलीत कधीही न्यायचा नसतो. दंडावरच्या साखरेच्या सेन्सरचे नियम कंपनीनुसार वेगळे आहेत, त्याचे पत्रक सोबत आणावे. पेसमेकर, मेंदूतील क्लिप, कानातले रोपण यांची माहिती वेळ घेतानाच द्यावी आणि त्यांची कार्डे आणावीत. हृदयातील स्टेंट बहुतेक सर्व चालतात.

आपल्याकडच्या काही खास गोष्टी यंत्राच्या छापील फॉर्मवर नसतात. पायातली जोडवी सूज आल्यामुळे निघत नाहीत आणि 'चांदीची आहेत, लोहचुंबकाला चिकटत नाहीत' म्हणून तशीच ठेवली जातात. चिकटत नसली तरी ती तापू शकतात, आणि नेमक्या बोटांच्या चित्रात काळा खड्डा पाडतात. साबणाच्या पाण्याने किंवा दोरा गुंडाळून ती आदल्या दिवशी घरीच काढावीत. निघतच नसतील तर सोनाराकडे जाऊन कापून घ्यावीत. पैंजण, कमरेचा करदोटा, घोट्याला बांधलेला ताईत, मंगळसूत्र आणि जरीची साडी यांनाही हाच नियम आहे. जखमेवर चांदीचे अंश असलेले ड्रेसिंग असेल तर ते काढून साधे ओले गॉझ लावून आत जावे, आणि ड्रेसिंगचे सामान सोबत आणावे, कारण एमआरआय केंद्रात ते मिळेलच असे नाही.

लोखंडाबाबत नातेवाइकांनीही सावध राहावे. यंत्र बंद दिसले तरी त्याचे चुंबक चोवीस तास चालू असते. २०१८ मध्ये मुंबईच्या एका रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन त्या खोलीत गेलेल्या तरुण नातेवाइकाचा मृत्यू झाला होता. चाकांची खुर्ची, काठी, सिलिंडर यांतले काहीही कोणाच्या सांगण्यावरून आत नेऊ नये.

यंत्रात काय घडते

रुग्णाला पाय आधी घालून आत नेतात. दोन्ही पायांवर संकेत टिपणारी लांबलचक कॉइल ठेवतात आणि दंडाच्या शिरेत सुई लावतात. प्रतिमा तीन टप्प्यांत येते: पोट व ओटीपोट, मांड्या, आणि पोटऱ्या व पावले. प्रत्येक टप्प्याचे एक चित्र कॉन्ट्रास्टआधी आणि एक नंतर घेऊन पहिले दुसऱ्यातून वजा करतात, म्हणजे फक्त रक्त उरते. दोन चित्रांच्या मध्ये पाऊल बोटभर जरी हलले तरी वजाबाकी चुकते आणि नसलेला अडथळा चित्रात उमटतो. पोटाच्या टप्प्याला काही सेकंद श्वास रोखायला सांगतात.

इथे मधुमेही पायाची दोन बाबतींत वेगळी काळजी घ्यावी लागते. रेडिओलहरींमुळे शरीर थोडे तापते, आणि दोन पोटऱ्यांची किंवा मांड्यांची उघडी त्वचा एकमेकींना टेकली तर त्या ठिकाणी चटका बसू शकतो. निरोगी माणूस लगेच घंटी दाबतो. बधिर पायाच्या माणसाला ते कळतच नाही. म्हणून दोन्ही पायांच्या मध्ये कोरडी उशी किंवा चादरीची घडी ठेवलीच पाहिजे. दुसरे म्हणजे टाच. कठीण पाटीवर पाऊण तास दाबली गेलेली टाच रक्त कमी असलेल्या पायात नवी जखम होण्याची सुरुवात ठरू शकते. पोटरीखाली मऊ घडी देऊन टाच अधांतरी ठेवावी. तंत्रज्ञ घाईत असेल तर नातेवाइकाने ही आठवण करून द्यावी. त्यात अपमान वाटून घेण्यासारखे काही नाही.

ज्यांना रात्री पाय दुखतो आणि तो खाटेखाली लोंबकळत सोडल्यावरच झोप लागते, त्यांचे आणखी वेगळे. पाय आडवा केला की दहा मिनिटांत कळ सुरू होते, रुग्ण पाय मुडपतो आणि सगळे चित्र वाया जाते. वेदनाशामक औषध अर्धा-पाऊण तास आधी द्यावे आणि पावलाचा टप्पा सर्वांत आधी उरकावा.

पावलाचा टप्पा आधी घेण्याचे एक तांत्रिक कारणही आहे. कॉन्ट्रास्ट पोटाकडून खाली धावतो आणि यंत्राचा पलंग त्याच्या मागे सरकतो, अशी जुनी पद्धत आहे. जखम आणि सूज असलेल्या मधुमेही पायात रक्त रोहिणीतून नीलेत (रक्त हृदयाकडे परत नेणाऱ्या वाहिनीत) फार लवकर परतते; पलंग पोटरीपर्यंत पोहोचेतो नीलाही उजळून निघतात आणि पाच-सहा समांतर रेषांतून रोहिणी कोणती हे ओळखता येत नाही. यावर उपाय म्हणून आधी थोडे कॉन्ट्रास्ट देऊन पोटरी आणि पावलाच्या एकामागून एक जलद प्रतिमा घेतात आणि मग उरलेल्या औषधात वरचे दोन टप्पे करतात. मांडीला रक्तदाबाचा पट्टा बांधून ५० ते ६० मिलिमीटरपर्यंत फुगवल्यानेही नीला उशिरा भरतात. मांडीत बायपासची नळी असेल तर मात्र हा पट्टा लावू नये.

अहवाल हातात आल्यावर

फिल्म खिडकीसमोर धरली की पहिली नजर खाली न्यावी. घोट्याखाली बोटांकडे जाणाऱ्या रेषा दिसतात का आणि जखमेच्या बाजूचे पाऊल स्वतंत्र चित्रात आहे का, हे कोणालाही पाहता येते. नसेल तर अहवाल घेण्याआधीच विचारावे. अहवालात तिन्ही शाखांचे वेगवेगळे वर्णन हवे, अडथळा किती सेंटिमीटरचा आहे आणि त्यापलीकडे वाहिनी कुठे पुन्हा भरते हे हवे, आणि तळव्याची कमान पूर्ण आहे की तुटलेली यावर एक वाक्य हवे. 'पोटरीत विखुरलेला आजार' एवढ्यावर अहवाल आटोपला असेल तर त्यावरून कोणीही शस्त्रक्रिया ठरवू शकणार नाही. कोणती शाखा पावलाच्या कोणत्या भागाला रक्त देते याचाही विचार शल्यचिकित्सक करतात: टाचेची जखम मागच्या शाखेवर आणि पेरोनियलवर अवलंबून असते, पावलाच्या पाठीवरची पुढच्या शाखेवर.

अहवालात काही सापळे असतात. पूर्वी बसवलेला स्टेंट एमआरआयमध्ये काळी पोकळी दाखवतो आणि स्टेंट उत्तम चालू असूनही 'पूर्ण बंद' असे लिहिले जाते. गुडघ्याचा कृत्रिम सांधाही त्यामागची रोहिणी अशीच पुसून टाकतो. रक्त जिथे घुसळून वाहते तिथे अरुंदपणा प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसतो, विशेषतः कॉन्ट्रास्टशिवायच्या जुन्या पद्धतीत. एका जांघेतून दुसऱ्या जांघेकडे त्वचेखालून नेलेला बायपास फार पुढे असल्याने चित्राच्या चौकटीबाहेर राहू शकतो. म्हणून शंकास्पद जागी मूळ छेद पाहिले पाहिजेत, आणि ते फिल्मवर नसतात. केंद्राकडून सीडी किंवा डाऊनलोडची लिंक अवश्य मागून घ्यावी. शल्यचिकित्सकाला फिल्मपेक्षा तिचाच उपयोग जास्त होतो.

अँजिओग्राफी आकार दाखवते, पुरवठा पुरेसा आहे की नाही हे ती एकटी सांगत नाही. म्हणून सीडी, अंगठ्याच्या दाबाचा आकडा आणि जखमेचा त्या दिवशीचा फोटो या तिन्ही गोष्टी घेऊन रक्तवाहिन्यांच्या शल्यचिकित्सकाकडे त्याच आठवड्यात जावे. विच्छेदन टळणार नसेल तरी हा फेरा वाया जात नाही, कारण आधी रक्तपुरवठा सुधारून मग कापले तर बोटावर निभावते आणि कापलेली जागा भरून येते.

फुगा किंवा बायपास झाल्यावर पुढच्या देखरेखीसाठी दर वेळी एमआरआय करण्याची गरज नसते. डॉप्लर आणि अंगठ्याचा दाब त्यासाठी पुरतात, आणि पोटरीत किंवा मांडीत नवा स्टेंट बसला असेल तर त्या जागेपुरती डॉप्लरच एमआरआयपेक्षा खरे सांगते. बसवलेल्या स्टेंटचे कार्ड मात्र मूळ सीडीसोबत एकाच पाकिटात ठेवावे.